रुग्णवाहिकेची नोकरी धरावी काय?

ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात कामगारांची संघटना बांधणाऱ्या माणसाकडे पूर्वी जे प्रश्न येत, ते ठरलेले असत. बोनस किती बसेल, ग्रॅच्युइटी बुडणार तर नाही ना, कारखाना बंद झाला तर देणी कोणाकडून वसूल करायची. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "दादा, ॲम्ब्युलन्सवर लागू काय?" हा तो प्रश्न. वागळे इस्टेटमधला चाळिशी गाठलेला टर्नर तो विचारतो, खोपटच्या एस.टी. स्थानकाबाहेर भाड्याची गाडी चालवणारा ड्रायव्हर विचारतो, करोनाच्या साथीत रुग्णांची ने-आण केलेला आणि साथ ओसरल्यावर घरी बसलेला तरुण विचारतो. अलीकडे काही भगिनीही विचारू लागल्या आहेत.

ह्या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नको' असे एका शब्दात देऊन मोकळे होता येत नाही. कारण मामला त्या एका माणसाच्या पोटापुरता नाही. उद्या आपल्यापैकी कोणाच्या घरात कोणी कोसळले, तर दाराशी येणाऱ्या गाडीत कोण असेल, त्याला काय येत असेल आणि तो किती तासांचा जागा असेल, हे सारे ह्याच उत्तरात गुंतलेले आहे. म्हणून संघटनेच्या कचेरीतला हा विषय आम्ही वसंत व्याख्यानांच्या श्रोत्यांपुढे मांडीत आहोत. साहित्य, संगीत आणि इतिहास ह्यांच्या मेजवानीत ताटाच्या कडेला चिमूटभर मीठ म्हणून त्याला जागा द्यावी. आम्ही डॉक्टर नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण पाळी संपल्यावर पुस्तके आणि कायद्याची कलमे वाचून झाले. परंतु एखाद्या कामाला किती तास, किती माणसे आणि किती कसब लागते व त्याचे दाम कोण देतो, हे मोजण्याची सवय आम्हांला जन्माची आहे. त्याच नजरेने ह्या कामाकडे पाहू.

बहुतेकांच्या डोळ्यांपुढे भोंगा वाजवीत धावणारी गाडी असते. प्रत्यक्षात ह्या कामाची पाळी भोंग्याने सुरू होत नाही, तपासणीने होते. स्ट्रेचरची खिट्टी लागते की नाही, घशातली घाण ओढणारे यंत्र चालते की नाही, हातमोजे, पट्ट्या, बॅटरी, डिझेल, आणि सर्वांत आधी प्राणवायूचे नळकांडे. रुग्णालयात ज्याला बी-प्रकारचे नळकांडे म्हणतात, त्यात सुमारे १,५०० लिटर प्राणवायू मावतो. रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल, तर भरलेले नळकांडे अडीच तास पुरते. अर्धे असेल तर सव्वा तास. डोंबिवलीहून शीवच्या रुग्णालयाकडे निघालेली गाडी शिळफाट्याच्या गर्दीत अडकली म्हणजे ह्या साध्या भागाकाराचा अर्थ कळतो. जो माणूस पाळीच्या आरंभी काट्याकडे नीट पाहत नाही, त्याने पुढे कितीही वेगाने गाडी हाणली तरी उपयोग होत नाही.

मग बोलावणी येतात. त्यांत रस्त्यावरचे अपघात असतातच; पण म्हाताऱ्या माणसाचा कोंडलेला श्वास, छातीतली कळ, फेफरे, विषबाधा, मुरबाड-शहापूरकडचा सर्पदंश, बाळंतवेणा, आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे रुग्ण, ह्यांचाही भरणा मोठा असतो. पुष्कळ वेळ नुसता वाट पाहण्यात जातो, आणि रुग्ण पोचवल्यावर गाडी धुऊन पुसून, कागद भरून पुन्हा सिद्ध ठेवण्यात जातो. ज्याला क्षणोक्षणी थरार हवा आहे, तो ह्या कामात लवकर कंटाळतो. ज्याला यंत्राची निगा राखायची सवय आहे, तो टिकतो. आमच्या टर्नराला हे ऐकून धीर यावा.

परंतु वेळ येते तेव्हा ती मिनिटांत मोजावी लागते. हृदय थांबले म्हणजे साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. कोणीच छाती दाबली नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते, असे वैद्यकशास्त्र सांगते. छाती दाबायची ती मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची पाच ते सहा सेंटीमीटर खोल. तोंडावाटे श्वास देण्याचे शिक्षण असेल तर तीस दाबांमागे दोन श्वास. दाबणारा माणूस दमतो आणि दमल्याचे त्याचे त्याला कळत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी हात बदलावा, असा नियम आहे. हातोड्याचे काम केलेल्याला ह्यातले मर्म लगेच समजेल. तात्पर्य, हे अंगमेहनतीचे काम आहे आणि त्याच वेळी ते बुद्धीचेही आहे. श्वासाची वाट मोकळी आहे काय, श्वास चालतो काय, रक्त कोठून वाहते आहे, मानेच्या मण्याला धक्का बसला असेल काय, हे प्रश्न ठरलेल्या क्रमाने, गर्दीच्या आरडाओरड्यात, मनाशी विचारायचे आणि उत्तरे मिळताच हात चालवायचे. असा क्रम अंगी मुरवणे ह्यालाच आम्ही कसब म्हणतो. आणि ज्या कामाला कसब लागते तो एक धंदा आहे. हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत, कारण ह्या कामावर आपल्याकडे 'सेवा' ह्या शब्दाचा इतका गुलाल उधळला गेला आहे की त्याखालचा कामगार दिसेनासा झाला आहे.

आता आपल्या राज्यातली व्यवस्था पाहू. हैदराबादेत २००५ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली आणि पुढे एकेका राज्याने ती उचलली. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या जानेवारीत आली. आरंभी ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ गाड्या प्रगत जीवनाधाराच्या, म्हणजे कृत्रिम श्वासाचे यंत्र वगैरे असलेल्या, आणि ७०४ प्राथमिक जीवनाधाराच्या. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. भागाकार केला तर एका गाडीमागे सुमारे १ लाख २० हजार माणसे येतात, आणि प्रगत गाडीमागे तर सुमारे ४ लाख ८० हजार. हे प्रमाण ध्यानात ठेवावे. पुढे उपयोगी पडेल.

ह्या सेवेत महाराष्ट्राने एक गोष्ट इतर पुष्कळ राज्यांहून निराळी केली. तेथे गाडीत रुग्णापाशी तंत्रज्ञ बसतो, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांनी ई.एम.टी. म्हणतात. महाराष्ट्राने तेथे डॉक्टर बसवला, बहुधा आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीचा पदवीधर. फ्रान्स-जर्मनीतही डॉक्टराला रुग्णाच्या दाराशी नेण्याची पद्धत आहे. अमेरिका-इंग्लंडात शिकलेला तंत्रज्ञ जातो. दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. रुग्णापाशी डॉक्टर असणे ही वाईट गोष्ट आहे, असे कोण म्हणेल? पण नोकरीच्या दृष्टीने ह्याचा अर्थ असा झाला की शिडीची मधली पायरीच बसवली गेली नाही. खाली ड्रायव्हर, ज्याला ह्या सेवेत 'पायलट' म्हणतात. वर पदवीधर डॉक्टर. पायलटाने दहा वर्षे डॉक्टराच्या खांद्याला खांदा लावून स्ट्रेचर उचलले, शेकडो रुग्णांचे प्राण वाचताना आणि जाताना पाहिले, तरी तो दहा वर्षांनी पायलटच असतो. कारखान्यात मदतनिसाचा फिटर होतो, फिटराचा चार्जहँड होतो. येथे तशी वाट आखलेली नाही.

१०८ च्या बाहेर पाहिले तर महापालिकांच्या, खाजगी रुग्णालयांच्या, ट्रस्टांच्या आणि मंडळांच्या रुग्णवाहिका आहेत. आपल्या ठाण्यात त्यांना तोटा नाही. गाडीच्या अंगावर देणगी देणाऱ्याचे नाव आणि छायाचित्र ठळक असते. आत रुग्णापाशी बसणाऱ्याला काय शिकवले आहे, हे कोठेच लिहिलेले नसते. पुष्कळदा तेथे रुग्णाचा मुलगाच बसलेला असतो.

येथे कोणी विचारील की कारखान्यातून निघालेल्या, फारसे न शिकलेल्या माणसाला हे वैद्यकी कसब साधेल काय? ह्याचे उत्तर अनुमानाने देण्याची गरज नाही. इतिहासाने ते दिलेले आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. तेथे १९६० नंतरच्या दशकात आजारी माणसाला रुग्णालयात पोचवण्याचे काम मुख्यतः पोलीस करीत. कैद्यांच्या गाडीत घालायचे आणि न्यायचे. हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या काळ्या लोकांच्या वस्तीत तर ती गाडीही धड वेळेवर येत नसे. पीटर सफर नावाचे व्हिएन्नात जन्मलेले डॉक्टर तेथे होते. छाती दाबून आणि श्वास देऊन माणूस जगवण्याची जी रीत आज जगभर शिकवतात, तिच्या जनकांत त्यांची गणना होते. १९६७ साली त्यांनी आणि एका धर्मादाय निधीच्या चालकांनी त्याच वस्तीतल्या बेकार तरुणांना हाताशी धरले. कित्येकांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते. त्यांना सुमारे तीनशे तासांचे शिक्षण दिले. शरीररचना, शरीराचे व्यापार, प्रथमोपचार, शुश्रूषा, गाडी चालवणे, सारे काही. 'फ्रीडम हाउस' ह्या नावाने त्यांची रुग्णवाहिका-सेवा सुरू झाली. पहिल्याच वर्षात त्यांनी पाच हजारांवर बोलावण्यांना धाव घेतली.

ह्याच सेवेत पुढे जॉन मून नावाचा तरुण आला. तो एका रुग्णालयात वॉर्डबॉय होता. एके दिवशी फ्रीडम हाउसची दोन माणसे रुग्ण घेऊन आली. आपल्यासारखीच काळी माणसे डॉक्टर-परिचारिकांशी बरोबरीने, अधिकाराने बोलत आहेत हे त्याने पाहिले आणि आपणही हेच काम करायचे असे ठरवले. तो शिकला, आणि पुढे शहराच्या सरकारी रुग्णवाहिका-खात्याच्या साहाय्यक प्रमुखपदापर्यंत पोचला. डॉ. नॅन्सी कॅरोलाइन ह्यांनी ह्या माणसांबरोबर गाडीत हिंडून काम केले आणि त्या अनुभवातून लिहिलेले पाठ्यपुस्तक देशभरच्या रुग्णवाहिका-तंत्रज्ञांच्या हाती गेले. येणेप्रमाणे ज्यांना शहराने बेकार म्हणून सोडून दिले होते, त्यांनी एका नव्या धंद्याचा पाया घातला.

पण गोष्ट येथे संपत नाही, आणि संघटना करणाऱ्याने तर ती येथे संपवू नयेच. १९७५ साली पिट्सबर्ग शहराने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद झाले. माणसांना नव्या खात्यात सामावून घेऊ, असे आश्वासन होते. घेतलेही; परंतु नंतर नव्या परीक्षा आल्या, कामे बदलून दिली गेली, आणि एकेक करीत त्यांतले पुष्कळ जण बाहेर पडले. ज्यांनी शिकवले तेच अपात्र ठरले. ह्यातून घ्यायचा धडा असा की नुसते कसब पुरत नाही. त्या कसबाची सरकारदरबारी नोंद लागते, आणि नोंदीमागे संघटनेचे बळ लागते.

नोंदीच्या बाबतीत आपल्या देशात एक दार उघडले आहे. २०२१ साली संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. डॉक्टर आणि परिचारिका सोडून रुग्णालयात जे अनेक व्यवसाय चालतात, त्यांची यादी त्याला जोडली आहे आणि तीत आणीबाणीच्या वैद्यकीय तंत्रज्ञाचा व्यवसायही आहे. ह्या कायद्याप्रमाणे पदविका म्हटली की तिला किमान २,००० तासांचे शिक्षण हवे, दोन ते चार वर्षांत पुरे होणारे. वरच्या पायरीच्या पदवीला किमान ३,६०० तास हवेत. शिकलेल्याचे नाव राज्याच्या नोंदवहीत लागावे, अशी योजना आहे. आमच्या मते हा कायदा कामगाराच्या हिताचा आहे. नोंदलेल्या माणसाला 'तू फक्त मदतनीस' असे म्हणून हाकलता येत नाही.

मात्र २,००० तास म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्याच्या बाजूने पाहावे. रोजचे आठ तास धरले तर २५० दिवस. पोटासाठी दुसरी नोकरी सांभाळून रोज चार तास दिले तर ५०० दिवस. तेवढे दिवस चूल कशावर पेटणार? पिट्सबर्गच्या तरुणांना सार्वजनिक आणि धर्मादाय पैशाचा आधार होता. आपल्याकडच्या चाळीस वर्षांच्या टर्नराला तो कोण देणार? हा प्रश्न सुटल्यावाचून 'करिअर बदला' असा उपदेश करणे म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलणे होय. आणि ह्याच अडचणीचा फायदा घेऊन 'सहा आठवड्यांत पॅरामेडिक' अशा जाहिराती लागतात. पैसे भरण्यापूर्वी ह्या कायद्याखाली त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे काय, हे लेखी मागावे. तोंडी उत्तर मिळाले तर घरी परत यावे.

आता नोकरीच्या अटींचा हिशेब. आठवड्याचे तास १६८. कामाचा आठवडा ४८ तासांचा. रुग्णवाहिका रात्रंदिवस उभी ठेवायची तर एका जागेला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण आणि सण धरले तर चार. गाडीत दोन जागा आहेत, म्हणजे एका गाडीला आठ माणसे. जेथे चारच माणसांवर गाडी चालते, तेथे उरलेल्या चौघांचे काम त्याच चौघांच्या झोपेतून काढलेले असते. बारा तासांची पाळी, वर बदली माणूस आला नाही म्हणून आणखी बारा तास, आणि मग घोडबंदर रस्त्यावरून भोंगा वाजवीत गाडी. ह्यात ड्रायव्हरवर अन्याय तर आहेच. स्ट्रेचरवरच्या रुग्णाचा जीवही त्या डुलकीवर टांगलेला असतो, ही गोष्ट नागरिकांनी मनावर घ्यावी.

एका खाजगी कंत्राटदाराकडच्या ड्रायव्हरांची नेमणूकपत्रे आमच्याकडे आली होती. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांत 'कामगार' हा शब्दच नव्हता, 'सेवाव्रती' असा शब्द होता, आणि पगाराऐवजी 'मानधन' लिहिले होते. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी नाही, जादा तासांचा मोबदला नाही, भरपगारी रजा नाही. शब्द किती गोड, आणि त्याची किंमत किती! सेवेला आमचा विरोध नाही. भल्या पहाटे बाळंतिणीला जिन्यावरून उतरवणाऱ्या माणसाच्या मनात सेवाभाव नसेल तर तो ते काम करूच शकणार नाही. पण तो भाव त्याच्या मनातला आहे. कंत्राटदाराने तो पगारातून वजा करू नये.

म्हणून जो कोणी आम्हांला 'लागू काय?' असे विचारतो, त्याला आम्ही आधी काही प्रश्न विचारून यायला सांगतो. नेमणूकपत्र कोणाच्या नावाचे आहे, मूळ मालकाचे की कंत्राटदाराच्या कंत्राटदाराचे? कंत्राट संपले तर नोकरीचे काय? पाळी किती तासांची आणि गाडीला माणसे किती? निर्वाह निधी, राज्य विमा, अपघाताचा विमा आहे काय? 'ब' प्रकारच्या काविळीची लस मालक देतो काय? ही लस तीन वेळा घ्यावी लागते, पहिल्या दिवशी, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. रक्ताशी आणि सुयांशी ज्याचा संबंध येतो त्याला ती हवीच. रुग्णाच्या नातेवाइकांनी हात उगारला तर पोलिसांत तक्रार कोण करणार, मालक की तो एकटा? ह्यांची उत्तरे धड मिळाली तर पुढे जावे. निम्म्यांची मिळाली तर निदान आपण कशात पाय घालीत आहोत हे तरी कळते.

शरीराचेही बघावे. किसननगर किंवा लोकमान्यनगरच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून ऐंशी किलोचा माणूस अरुंद जिन्याने उतरवायचा, तोही उभा न करता, म्हणजे कंबर आणि गुडघे शाबूत हवेत. पाठीतून न उचलता मांड्यांतून उचलावे, हे रेल्वेचा हमाल जाणतो. आमच्या लोकल-मार्गांवर रुळांजवळ पडलेल्या जखमींना स्ट्रेचरवर घालून वर्षानुवर्षे हमालांनीच उचलले आहे. आणीबाणीच्या वैद्यकीय कामगारांची यादी खरेपणाने केली तर त्यांचे नाव बरेच वर लागेल. चाळिशी हा अडथळा नाही, पण आधीच पाठ धरलेल्याने ह्या वाटेला जाऊ नये. रातपाळीने झोप बिघडते, जेवणाच्या वेळा बिघडतात, मधुमेहवाल्याला ते जड जाते.

मनाचे बघणे अधिक कठीण. लहान मूल हातात दगावते. ओळखीच्या माणसाचा अपघात निघतो. पाळी संपते आणि माणूस घरी जाऊन भाजीत मीठ कमी आहे म्हणून ओरडतो. कारण काय ते त्यालाही सांगता येत नाही. अशा दिवसानंतर सोबत्यांनी अर्धा तास बसून बोलावे, चहा घ्यावा, झालेले तोंडाने सांगून टाकावे, एवढ्यानेही पुष्कळ हलके वाटते. आणि तेवढ्याने भागत नसेल तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात काही लाज नाही. म्हणून आम्ही सांगतो की घरच्या माणसांना विचारल्यावाचून हा धंदा धरू नये. रातपाळीचे निम्मे ओझे त्यांच्याच खांद्यावर येणार असते.

एवढे ऐकूनही ज्याचे मन घट्ट असेल, त्याने हातची नोकरी सोडण्यापूर्वी आधी प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम करावा. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेडक्रॉस ह्यांचे असे वर्ग असतात आणि ते काही दिवसांचे असतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार-पेटी आणि ती सांभाळणारा शिकलेला माणूस, तसेच ५०० हून अधिक कामगार असतील तेथे रुग्णवाहिका-खोली, अशी तरतूद होती. कायद्यात होती म्हणून ती माणसे प्रत्येक कारखान्यात होती असे नव्हे. पण जेथे होती तेथे त्यांतले कित्येक जण उत्तम निघाले. प्रथमोपचार जमला आणि रक्त पाहून पाय लटपटले नाहीत, तर मग एखाद्या रुग्णालयाच्या अपघात विभागात काही महिने मदतनिसाचे काम धरावे. तेथेच कळते की हे आपल्याला झेपते की नाही. त्यानंतर मान्यताप्राप्त पदविका. वाट लांब आहे, पण प्रत्येक टप्प्यावर परत फिरण्याची सोय आहे आणि फिरलेल्याच्याही हाती काहीतरी उपयोगी कसब राहते.

राहिली गोष्ट नगरवासीयांची. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि काहींचे प्राण गेले. अशा प्रसंगी पहिल्या मिनिटांत जवळ असतो तो सोबतचा कामगार किंवा सहप्रवासी. लाखावर माणसांमागे एक गाडी असेल, तर ती चार मिनिटांत येईल अशी आशा करणे व्यर्थ आहे. म्हणून छाती दाबणे आणि रक्त थांबवणे प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक शाळेत शिकवले पाहिजे. अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती आता धरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही ते संरक्षण आले.

दुसरी एक घटना सांगून हा विषय पुरा करतो. ८ जुलै १९९२ रोजी बंगालमध्ये एक शेतमजूर चालत्या गाडीतून पडला. डोक्याला जबर मार. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी 'खाट नाही' किंवा 'सोय नाही' म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खाजगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. तो पश्चिम बंग खेत मजूर समितीचा सभासद होता. समितीने त्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. ६ मे १९९६ रोजी निकाल लागला : वेळेवर आणीबाणीचा उपचार मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. रुग्णवाहिकांत साधने आणि शिकलेली माणसे असावीत, हेही न्यायालयाने सांगितले. आज कोणीही हा हक्क मागू शकतो, तो मजुरांच्या एका संघटनेने मिळवून दिला आहे.

तेव्हा हक्क आहे, २०२१ चा कायदा आहे, शिकायला तयार माणसेही आहेत. उणीव आहे ती मधल्या पायरीची. पायलटाला नोकरीत राहून तंत्रज्ञ होता यावे, शिकण्याच्या तासांचा पगार मिळावा, गाडीला पुरी माणसे असावीत, आणि प्रत्येक रुग्णवाहिकेत रुग्णापाशी बसणाऱ्याचे शिक्षण काय ते गाडीच्या दारावर लिहिलेले असावे, ह्या मागण्या कामगारांनी केल्या तर त्या स्वार्थाच्या म्हणून बाजूला टाकल्या जातात. त्याच मागण्या ठाण्याच्या आणि कल्याण-डोंबिवलीच्या नागरिकांनी महापालिकेकडे आणि सरकारकडे केल्या तर त्या टाळता येणार नाहीत.

आणि 'दादा, लागू काय?' असे विचारणाऱ्याला आमचे उत्तर असे आहे : लाग, पण शिकून लाग, नेमणूकपत्र वाचून लाग, आणि लागलास की पहिल्या महिन्यात आपल्या सोबत्यांची संघटना कर.